न झालेल्या आजाराची बातमी

"झालं काय, ते सांग." वृत्तसंपादक फोनवर पहिलं वाक्य हेच बोलत. तालुक्याच्या बातमीदाराचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो. पूल खचला, ट्रक उलटला, सभा उधळली, फेरीबोट चिखलात रुतली. झालेलं असेल तर ती बातमी. होऊ शकतं, ते राशिभविष्याच्या सदराचं काम. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या बातम्या पाठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांतली सर्वाधिक धावपळीची बातमी मात्र न झालेल्या गोष्टीची होती.

काळ भाषेच्या आंदोलनाचा. कोकणी की मराठी हा प्रश्न घराघरांत शिरला होता. रोज मोर्चा, रोज सभा, मधूनच रस्त्यावर आडवं टाकलेलं झाड. दुपारपर्यंत गोळा केलेला मजकूर पाकिटात घालून पणजीच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. बसच अडली, तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉलची वाट बघत बसायचं. अशा दिवसांत तुयेच्या शाळेत त्वचारोगाचं शिबिर भरलं. बाकीचे सगळे बातमीदार मोर्चाकडे गेले होते. शिबिराच्या चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

शिबिराच्या डॉक्टर होत्या सुलभा धुरी. सावंतवाडीकडच्या. बोलणं झपाट्याचं, हसणं मोठं. दर महिन्याला एकदा पेडण्यात आणि एकदा डिचोलीत त्या रुग्ण तपासत. खरूज, नायटा, भेगा असं नेहमीचंच सगळं. त्या रांगेत एक माणूस लांबूनच नजरेत भरला. पांढरा धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस. ते केस सुक्या काथ्यासारखे पिवळट, भुवया तशाच, कातडी गुलाबी आणि डोळे उजेडाने मिटलेले. नाव नारायण. जन्मापासून कातडीत रंग नव्हता. गावात त्याला पाखलो म्हणत. पोर्तुगीज गोऱ्याला लोक वापरत तोच हा शब्द. नारायण आगरवाड्याच्या मिठागरात काम करी.

"नारायणबाब, किदें जाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीठ बसता, बाय. गालार, कानार, हातांच्या पाटीर. खरखरीत जाता."

डॉक्टरांनी गाल पाहिला, कान पाहिला, हात उलटेपालटे केले. "खंय? हांगा तर कायच ना."

"आज ना."

"मगीर केन्ना आसता?"

"आसता तेन्ना आसता."

रांग हसली. "डॉक्टरीण बाय, पाखल्याक मीठ लागलां म्हूण तो आजून कुसूंक ना!" मागून कोणी तरी म्हणालं. कुसणं म्हणजे कुजणं. नारायणही हसला. डॉक्टरांनी त्याला रुंद कडेची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा वापरायला सांगितलं आणि पुढच्या शिबिराला बोलावलं. पुढच्या शिबिरालाही तोच पांढरा सदरा, तीच तुळतुळीत कातडी, कानाच्या कडेला थोडी लाली आणि बाकी काही नाही.

नारायण गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आजच्या रांगेत मला सगळ्यात जास्त काळजी ह्या माणसाची वाटते. आणि दाखवायला त्याच्याकडे काहीच नाही."

काळजीचं कारण होता बाबलो, नारायणचा थोरला भाऊ. त्याचीही कातडी अशीच होती. कानावर जखम झाली, ती भरेना, वाढत मानेपर्यंत गेली. इस्पितळात नेला तेव्हा फार उशीर झाला होता. शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांत बाबलो गेला. गावाने त्यातून एकच निष्कर्ष काढला: लोखंड लागलं म्हणून ते पसरलं. नारायण त्याच वयाला येऊन पोचला होता.

मिठागर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. भरतीचं खारं पाणी दारातून आत घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ते आटवतात. तळाशी मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते कडेला ओढतात. काम उन्हाचंच, ऊन जितकं कडक, तितकं मीठ चांगलं. सावली नाही, झाड नाही. ऊन वरून पडतं, पाण्यावरून उसळतं आणि पांढऱ्या मिठावरून पुन्हा तोंडावर येतं. टोपीने कपाळ झाकलं तरी हनुवटी खालून भाजते.

त्या हंगामात वर्तमानपत्राला मिठावर एक लेख हवा होता. त्यासाठी ऐन दुपारी आगरवाड्याला गेलो, तर समोर नारायण. कमरेला लंगोटीवजा फडकं, खांद्यावर काहीच नाही. कानशिलांवर, कानाच्या कडेवर आणि हातांच्या पाठीवर करडे-पांढरे खरबरीत डाग. लांबून पाहिलं तर अंगावर उडालेलं मीठच. पण शेजारच्या माणसाच्या अंगावर उडालेलं मीठ घामासरशी ओघळत होतं. नारायणचं जागेवरच होतं.

"हे डॉक्टरांना का दाखवलं नाही?"

नारायण चकित झाला. "ह्या अवतारान दोतोराकडे वचपाचें?"

त्याची बायको शेवंती बांधावर पेजेचं भांडं घेऊन आली होती. खुलासा तिने केला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे नारायण आदल्या दिवसापासून तयारीला लागे. नारळाच्या सोडणाने तोंड-हात घासायचे. वर भिरंडेल चोळायचं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थंडीत ते थिजतं आणि टाचांच्या भेगांवर लावतात. रात्रभरात खपली मऊ होई, सकाळी पुन्हा घासलं की गळून पडे. मग पांढरा सदरा चढवून स्वारी निघे.

"काजाराक वता तसो वता," शेवंती म्हणाली. "आमच्या काजाराकय इतलो न्हाऊंक नासलो."

काजार म्हणजे लग्न. नारायण लाजला. त्याचं म्हणणं साधं होतं. देवळात माणूस न्हाऊन जातो, डॉक्टरकडेही तसंच जावं. पेडण्यातला कुठलाही घरंदाज माणूस हेच म्हणाला असता.

माझ्याकडून हे ऐकून डॉक्टर सुलभांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे हा पुरावा धुऊन येतो!" खुर्चीवरून उठून त्या खोलीत फेऱ्या मारू लागल्या. "त्याला सांगा, पुढच्या वेळी आंघोळ करायची नाही. घासायचं नाही, चोळायचं नाही. आहे तसा ये."

निरोप पोचला आणि नारायण रागावला. "बुरशें येवपाक सांगता? हांव मिठागरी आसलों म्हूण बुरसो?" बुरसो म्हणजे घाणेरडा. त्याला तो अपमान वाटला. शेवंतीने वाद घातला नाही. तिने भिरंडेलाचा गोळा माहेरी पाठवून दिला आणि सोडणं चुलीत घातली.

पुढच्या शिबिराला नारायण आला आणि शाळेच्या व्हरांड्याबाहेर खांबाआड उभा राहिला. बाकीचे सगळे धुतल्या कपड्यांत. डॉक्टर स्वतः बाहेर गेल्या, त्याला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी आधी बोट फिरवलं. नजर नंतर लावली. त्यांचा चेहरा उजळला.

"हात लावा इथे," त्या मला म्हणाल्या. कानशिलावर बोट टेकवलं. सुतार वापरतात तो पॉलिशपेपर हाताला लागावा, तसं लागलं.

"ह्याला डोळ्यापेक्षा बोट लवकर ओळखतं," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितलं ते असं. कातडीतला रंग ही उन्हाविरुद्धची छत्री असते. आपल्याकडे बहुतेकांना ती जन्मतः मिळते, नारायणला मिळाली नव्हती. लहानपणापासूनचं ऊन कातडी विसरत नाही, साठवत जाते. वर्षांनुवर्षांनी तिच्या वरच्या थरातल्या पेशी वाकड्या वाढू लागतात. मग असे खरबरीत डाग येतात. खपली काढली तरी त्या पेशी खाली असतातच, म्हणून डाग परत येतो.

"म्हणजे कॅन्सर?"

"नाही."

"मग काय?"

"कॅन्सरने घर बांधलेलं नाही. पण जागा बघून गेलाय." त्या नारायणकडे वळल्या. "नारायणबाब, ह्यातले बरेच डाग आयुष्यभर काय करनत नाय. काय आपसूक जातत. एखादो मात्र फिरता. खयचो फिरतलो ता बघून माका सांगूक येणा नाय. म्हणान सगळे काढूचे."

"लोखंड लावपाक दिवचों ना," नारायण म्हणाला. "भावाक लोखंड लायलें आनी तो गेलो."

"तुझो भाव लोखंडान नाय गेलो. उशिरान गेलो."

गालाचे आणि हातांचे डाग गोठवून जातील, त्याला सुरी लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या कानाच्या कडेचा डाग वेगळा होता. तळाशी जाड आणि दाबला की दुखणारा. बाबलोची जखम तिथेच सुरू झाली होती. डॉक्टरांना त्याचा तुकडा काढून तपासायला हवा होता. नारायणने नकाराची मान हलवली. शेवटी तडजोड झाली: आधी गोठवायचं, ते बरं झालं तर कानाचं बघू. डॉक्टरांना ही तडजोड मुळीच आवडली नव्हती. पण माणूस उठून गेला असता तर कानही गेला असता.

संध्याकाळी फोनवर बातमी सांगायचा प्रयत्न केला.

"कॅन्सर झालाय का?" वृत्तसंपादक.

"नाही."

"होणार आहे?"

"कदाचित."

"कदाचितला किती कॉलम देऊ? मोर्चाचं काय ते बोल."

गोठवायला लागतो द्रव नायट्रोजन. तो उकळत्या पाण्यासारखा वाफाळतो, पण असतो बर्फापेक्षा कितीतरी थंड. मोठ्या शहरांच्या इस्पितळांत तो मिळतो. डॉक्टरांना तो डिचोलीत सापडला, गुरांच्या दवाखान्यात. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. तिथल्या कर्मचाऱ्याने आधी खात्री करून घेतली, "बैलाचां काय माणसाक लागाचा नाय मां?" मग तो थर्मास भरून द्यायला तयार झाला.

ठरलेल्या दिवशीच बंद पुकारला गेला. डॉक्टर आदल्या दिवशी पेडण्यात नातेवाइकांकडे मुक्कामाला पोचल्या होत्या आणि सकाळी तुयेला आल्या. नारायण शाळेत येऊन बसला. थर्मास मात्र डिचोलीत. बस बंद, टॅक्सी बंद. रस्त्यावर जायची मुभा होती ती दूध, रुग्ण आणि वर्तमानपत्रांच्या गाड्यांना. माझ्या स्कूटरच्या काचेवर ‘प्रेस’ असा कागद होता. डिचोलीहून थर्मास मांडीमध्ये धरून निघालो. त्याचं बूच घट्ट लावता येत नाही. आतल्या वाफेने फुटेल. त्यामुळे तो वाटभर पांढरा धूर सोडत होता. उशीर झाला तर तळाशी काही उरणार नव्हतं. आणि नारायणने स्पष्ट सांगितलं होतं: आज झालं तर झालं, पुन्हा धीर होणार नाही.

अस्नोड्याच्या अलीकडे आंब्याची मोठी फांदी आडवी पडली होती आणि तिच्यावर पोरं बसली होती.

"खंयचो पेपर?"

सांगितलं.

"आनी हें किदें? धूर कसलो?" घोळका दोन पावलं मागे सरला. "बॉम्ब हाडला रे!" हाडला म्हणजे आणला.

"औषध आहे. एका माणसाच्या गालावर लावायचं आहे."

"गालार? धुराचें?" एकाने काठी पुढे केली. "बूच काड पळोवया."

बूच काढलं. धुराचा लोळ बाहेर आला आणि आणखी दोघं मागे सरले. मागून एक म्हातारा शेतकरी पुढे आला. त्याने वाकून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे बोकडांनो, गायीक फळयतात तें हें! आमच्या तांबडेक हेंच हाडिल्लें." मग त्याने मला शांतपणे विचारलं, "गाल कोणाचो? गायीचो?"

"आगरवाड्याच्या पाखल्याचा. त्याचा भाऊ बाबलो कानाच्या जखमेने गेला. ह्याला तसं होऊ नये म्हणून."

बाबलो त्या म्हाताऱ्याच्या माहितीतला निघाला. त्याने पोराची काठी बाजूला सारली. "उचला रे फांदी." तिथे माझी भाषा कुणी विचारली नाही. चौघांनी फांदी उचलून धरली आणि स्कूटर खालून निघाली. पुढे कामुर्लीला फेरीबोट धक्क्याला बांधून ठेवलेली. फेरीवाल्याने थर्माससुद्धा पाहिला नाही. "पाखल्याचें मगे? फोन आयला अस्नोड्यासून," म्हणून त्याने इंजीन चालू केलं. आयुष्यात कुठलीच बातमी माझ्यापुढे इतक्या वेगाने धावली नव्हती.

तुयेला पोचलो तेव्हा थर्मासात निम्मं उरलं होतं. डॉक्टरांनी काडीला कापूस गुंडाळला, बुडवला आणि कानशिलावर टेकवला. डाग क्षणात पांढरा फटक पडला.

"थंड म्हणिल्लें गो तुवें!" नारायण ओरडला. "हें भाजता!"

"भाजता म्हणजे लागू पडता. हात हाड."

एकेक डाग पांढरा होत गेला, पुन्हा मऊ पडला, लाल झाला. खिडकीबाहेर गर्दी. "पाखल्या, गाय जातलो मरे तूं!" "वांसरूं जालें जाल्यार सांग!" नारायणच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसतही होता. शेवंती तेवढी हसली नाही. ती शेवटचा डाग होईपर्यंत त्याच्या कानाकडे बघत उभी होती.

फोड आले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. खाली नवी मऊ कातडी. या वेळी सोडण नव्हतं, भिरंडेल नव्हतं. पुढच्या शिबिरात नारायण न बोलावता पहिल्या खुर्चीवर बसला आणि त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"लाय तुजें लोखंड," तो म्हणाला.

तुकडा तपासायला पणजीला गेला. उत्तर येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. शेवंतीने डॉक्टरांना निरोप पाठवला होता: काय ते आधी तिला कळवावं. त्याच सुमारास घटक राज्याची घोषणा झाली. फटाके, मिरवणुका, विशेष पुरवण्या. गोव्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी आम्ही छापत होतो. त्या गडबडीत कार्यालयात डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या आवाजावरून आधी काहीच कळेना, कारण त्या एकाच वेळी हसत आणि बोलत होत्या.

"कॅन्सरने सीमा ओलांडलेली नाही! अगदी कडेवर होता. सगळा काढता येईल. आधी शेवंतीला जाऊन सांगा!"

डाग मुळासकट काढला. कानाची कड थोडी आखूड झाली, एवढंच. नारायणने मिठागर सोडलं नाही, पण कामाची वेळ बदलली. ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर तो वाफ्यात उतरे, मधल्या वेळात झोपडीत बसून मीठ विके. आगरात दुपारी काम न करणारा माणूस म्हणजे आळशी. ते बोलणं त्याने ऐकून घेतलं.

पुरवण्या संपल्यावर पानं रिकामी पडली, तेव्हा ‘कदाचित’ला दोन कॉलम मिळाले. ‘डाग दिसल्यास तो न घासता, न चोळता डॉक्टरांना दाखवावा, कामावरून असाल तसे यावे’ असं शेवटी लिहिलं होतं. पावसाळा संपून खाणी सुरू झाल्यावर डिचोली तालुक्यातल्या पाळी गावी शिबिर झालं. रांगेत एक ट्रक ड्रायव्हर उभा होता, दोडामार्गकडचा. डोक्यापासून पायापर्यंत खनिजाच्या लाल धुळीने माखलेला. पापण्यासुद्धा लाल. हातात बातमीचं कात्रण.

"ह्या काय रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेपरात असा तसो इलंय. चार दिवस न्हावक नाय."

"मेल्या, तुझी कातडी खय असा ती तरी दिसूक होयी! जा, आधी नळाखाली उभो रव."

तो धुऊन आला. खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा आणि जाड झाला होता, पण डाग नव्हता. त्याच्या रंगाने त्याला राखलं होतं. त्याला बाहीचा सदरा सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. जाताना तो जरा निराश दिसला. चार दिवसांची तपश्चर्या फुकट गेली होती.

एक सल राहिली. अशा कातडीची माणसं दोन्ही तालुक्यांत आणखी असणार. त्यांतली बरीच घराबाहेर येत नसत, वर्तमानपत्र वाचत नसत. दोन कॉलम त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

काही वर्षांनी पेडण्याच्या शिबिरात नारायण पुन्हा दिसला. रुंद टोपी, लांब बाह्या, एका हाताने उघडी छत्री धरलेली. सोबत बाबलोची मुलगी, नुकतीच बाळंत झालेली. नारायणच्या दुसऱ्या हातावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं. डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं. काथ्याच्या रंगाचे केस, गुलाबी कातडी, उजेडाने गच्च मिटलेले डोळे.

डॉक्टरांनी गालावरून बोट फिरवलं, कानांमागून फिरवलं, इवल्या हातांच्या पाठीवरून फिरवलं.

"किदें जालां गो हिका?" त्यांनी आईला विचारलं.

उत्तर नारायणने दिलं, छत्री जरा पुढे सरकवून.

"कायच जावंक ना, बाय. जावच्या आदीं हाडलां."